दूरचा वैद्य आणि जवळचा हात

श्रोतेहो, जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयाच्या दाराशी सकाळी उभे राहिले, की सबंध राजस्थानचा नकाशा डोळ्यांपुढे उलगडतो. रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबून गेलेले, डोक्याला रंगीत फेटा आणि काखेत गाठोडे असलेले म्हातारे. घुंघटाआड तान्ह्याला थोपटणाऱ्या बाया. मागच्या खेपेचे कागद पिशवीत जपून धरलेले त्यांचे मुलगे. ह्यांतील कित्येकांना शस्त्रक्रियेची वा मोठ्या तपासणीची गरज असते. त्यांनी येथे यायलाच हवे. पण काहींच्या बाबतीत डॉक्टर कागद चाळतात, दोनचार प्रश्न विचारतात, रक्तदाब पाहतात आणि मागचीच गोळी चालू ठेवण्यास सांगतात. काम पाच मिनिटांचे. त्यासाठी प्रवास दोन दिवसांचा, बुडालेली मजुरी दोघांची आणि शेळ्यामेंढ्या सोपवल्या शेजाऱ्याच्या भरवशावर. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे बीज ह्या पाच मिनिटांत आणि त्या दोन दिवसांत आहे. दूरवैद्यक हे त्या विषयाचे नाव. रोगी एका ठिकाणी, डॉक्टर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांच्या मध्ये तार किंवा तरंग, अशी ही वैद्यकाची रीत आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. जैसलमेरपासून जयपूर साडेपाचशे किलोमीटरांच्या वर आहे. म्हणजे मुंबईहून अकोल्याला जावे, साधारण तितके. एकट्या जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ जवळजवळ सबंध केरळ राज्याएवढे आहे. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे केरळात एका चौरस किलोमीटरात सुमारे ८६० माणसे राहत होती, तर जैसलमेर जिल्ह्यात अवघी १७. तीही एकत्र नव्हेत. आपल्याकडे जशा वाड्या, वस्त्या, पाडे, तशा तिकडे ‘ढाण्या’ असतात. शेताच्या कडेला वा विहिरीच्या आश्रयाने दोनचार घरे, आणि पुढे पुन्हा वाळू. अशा प्रदेशात प्रत्येक वस्तीजवळ हृदयरोगाचा, त्वचारोगाचा आणि नेत्ररोगाचा तज्ज्ञ बसवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. बसवला, तरी त्याच्याकडे दिवसाकाठी रोगी किती येणार? तेव्हा माणूस हलवण्यापेक्षा त्याची हकीकत हलवावी, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते.

ही कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढण्याचे यंत्र सिद्ध करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन ह्यांच्यापुढे एक अडचण होती. त्यांचे यंत्र अवाढव्य. ते प्रयोगशाळेतून हलवता येईना, आणि रोगी होते दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. तेव्हा १९०५ च्या सुमारास त्यांनी दूरध्वनीच्या तारेवरून रोग्याच्या हृदयाचे स्पंदन आपल्या प्रयोगशाळेत आणले आणि तेथे त्याचा आलेख काढला. पुढे १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हृदयाचा आलेख जवळजवळ बालपणापासूनच दूरचा प्रवास करीत आला आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे, आणि ते राजस्थानला अधिक जवळचे आहे. तेथील अंतर्भागात मेंढपाळांची घरे एकमेकांपासून शेकडो मैलांवर होती. रेव्हरंड जॉन फ्लिन ह्यांच्या प्रयत्नाने १९२८ साली विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला बोलवायचे कसे? आल्फ्रेड ट्रेगर ह्या तंत्रज्ञाने सायकलप्रमाणे पाय मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच तयार केला आणि १९२९ पासून तो ह्या एकाकी घरांतून बसू लागला. कालांतराने ह्या घरांतून औषधांच्या सारख्या पेट्या ठेवण्यात आल्या. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता. दूरवर बसलेला डॉक्टर लक्षणे ऐके आणि अमुक क्रमांकाचे औषध द्या, असे सांगे. श्रोतेहो, ह्या पेटीकडे आपण जरा लक्ष द्यावे. बिनतारी संच होता, डॉक्टर होता. तथापि पेटी नसती तर डॉक्टरचा सल्ला हा केवळ एक आवाज ठरला असता. ह्या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आपल्या देशात आकाशमार्गाने खेड्यापर्यंत पोहोचण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला, तेव्हा जयपूरच्या आसपासची गावेही त्यात होती. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ ह्या वर्षात अमेरिकेकडून वापरावयास मिळालेल्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोहोचवण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे त्यांचे विषय होते. त्या सहा राज्यांत राजस्थान एक होते. वर्ष संपले आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. काही भागांत पुढे जमिनीवरील प्रक्षेपकांवरून कार्यक्रम चालू राहिले. पण त्या वर्षाने एक धडा शिकवला. आकाशातील यंत्र जितके महत्त्वाचे, तितकाच गावातील संच चालू ठेवणारा माणूस महत्त्वाचा. आणि तो प्रवाह एकेरी होता. शहर बोलत होते, खेडे ऐकत होते. खेड्याने आपले दुखणे सांगावे आणि शहराने ते ऐकावे, ही सोय अजून व्हायची होती.

ती पुढे झाली. २००१ साली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचे प्रयोग हाती घेतले. त्यानंतरच्या वर्षांत अनेक राज्यांतील रुग्णालये ह्या मार्गाने जोडली गेली, आणि त्यांत राजस्थानातील वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयेही होती. तरीही ती जोडणी मोठ्या रुग्णालयाची मोठ्या रुग्णालयाशी होती; ढाणीपर्यंत ती जात नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘ई-संजीवनी’ ही व्यवस्था सुरू केली. तिचे तंत्र मोहालीच्या सी-डॅक संस्थेने तयार केले. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, रोग्याला घरूनच डॉक्टरशी बोलता येईल अशी तिची दुसरी शाखा उघडली. फेब्रुवारी २०२३पर्यंत ह्या व्यवस्थेतून १० कोटी सल्ले दिले गेले होते, आणि सल्ला घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या.

ह्या शेवटच्या गोष्टीत आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. खेड्यातील स्त्रीला दवाखान्यात जायचे म्हणजे केवळ गाडीभाडे पुरत नाही. सोबतीला पुरुष हवा, मागे चूल सांभाळणारे कोणीतरी हवे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची संमतीही हवी. तिच्या दुखण्याला ह्या तिन्ही गोष्टी एकदम मिळेपर्यंत ते बहुधा अंगावरच निघते. गावातल्या गावात, ओळखीच्या ताईच्या शेजारी बसून डॉक्टरशी बोलता आले, तर तिच्या वाटेतील निम्मे अडथळे दूर होतात.

आता हे प्रत्यक्षात घडते कसे, ते पाहू. ई-संजीवनीच्या पहिल्या शाखेत गावाजवळचे उपकेंद्र हे टोक असते आणि डॉक्टर जेथे बसतात ते मध्यकेंद्र. समजा, उपकेंद्रात एक बाई आली. तिला महिनाभर थकवा आहे, चालताना धाप लागते. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिका प्रथम तिची हकीकत विचारते, वजन करते, रक्तदाब घेते, नाडी मोजते, बोटाला टोचून रक्तातील हिमोग्लोबिन पाहते आणि हे सारे नोंदवते. मग संगणकाच्या पडद्यावर डॉक्टरशी संबंध जोडला जातो. डॉक्टर नोंद वाचतात, रोग्याला पाहतात, आणखी प्रश्न विचारतात, ताईला डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायला सांगतात. शेवटी औषधचिठ्ठी येते. ती उपकेंद्रात छापली जाते, आणि औषध तेथे असले तर लगेच हाती पडते. ऐकायला हे सोपे वाटते. पण नीट पाहिले तर ध्यानात येईल, की ह्या भेटीतील बहुतेक काम डॉक्टरने केलेलेच नाही. ते रोग्याच्या शेजारी बसलेल्या व्यक्तीने केले आहे.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. तरंगांवरून काय जाऊ शकते आणि काय जाऊ शकत नाही? ज्या दुखण्याची खूण रेषेत, चित्रात किंवा शब्दात उतरते, ते दुखणे उत्तम प्रवास करते. हृदयाचा आलेख ही रेषा आहे. छातीत कळ आलेल्या माणसाचा आलेख तालुक्याच्या गावातून काही क्षणांत हृदयरोगतज्ज्ञापुढे जातो, आणि गुठळी विरघळवणारे औषध जवळच देता येते का, हे ठरते. ह्या रोगात मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. येथे वाचलेला वेळ म्हणजे वाचलेले आयुष्य होय. डोळ्याचा पडदा हे चित्र आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतून छोटी दृष्टिकेंद्रे उघडली. तेथे प्रशिक्षित मुली डोळे तपासतात, छायाचित्रे पाठवतात, आणि शहरातील डॉक्टर प्रत्येक रोग्याविषयी निर्णय देतात. क्ष-किरणांचे छायाचित्रही असेच. राजस्थानातील करौलीसारख्या भागांत दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत धूळ साचून सिलिकोसिस होतो. त्याची लक्षणे क्षयासारखी दिसतात, आणि क्षयाच्या औषधांनी तो बरा होत नाही. ते छायाचित्र जाणत्या डोळ्यापुढे गेले नाही, तर मजूर वर्षानुवर्षे भलत्याच रोगाची औषधे घेत राहतो. तो डोळा खाणीपाशी नसला तरी चालेल. चित्र त्याच्यापर्यंत पोहोचले की झाले. आणि मनाचे दुखणे तर पुष्कळसे शब्दांतच असते. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनीसेवा सुरू केली, तिच्यामागे हाच विचार आहे.

ह्याउलट पोटावर हात ठेवल्यावर ते कडक लागते की मऊ, हे तरंगांवरून जात नाही. जखमेचा वास जात नाही. तान्ह्या मुलाचे अंग ढिले पडले आहे की तो नुसता झोपेत आहे, हे पडद्यावर नीट कळत नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव, सापाचा दंश, बेशुद्ध माणूस, अशा प्रसंगी पडद्यासमोर बसून राहणे म्हणजे वेळ दवडणे होय. तेथे गाडीच हवी, आणि गाडी येईपर्यंत काय करावे एवढेच दुरून सांगता येते. ‘दुरून डोंगर साजरे’ असे आपण म्हणतो. दुखण्याचे तसेच आहे; दुरून ते कधीकधी फार साधे दिसते.

हा धोका काल्पनिक नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रत्नागिरीचे एक प्रकरण आले. बाळंतपणानंतर रुग्णालयात दाखल असलेल्या स्त्रीवर, डॉक्टर गावात नसताना, दूरध्वनीवरील सूचनांवरून उपचार झाले आणि ती दगावली, असा आरोप होता. न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. दुरून सल्ला द्यावा की नाही, आणि दिल्यास कोणत्या मर्यादेत, असा प्रश्न त्यामुळे देशभरच्या डॉक्टरांच्या मनात उभा राहिला. त्याचे सविस्तर उत्तर २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकाच्या नियमावलीने दिले. त्या नियमांचे सार प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असावे असे आहे. डॉक्टरने आपली ओळख आणि नोंदणी क्रमांक सांगितला पाहिजे. रोग्याने स्वतः सल्ला मागितला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. पण सल्ल्याची सुरुवात आरोग्यसेवकाने किंवा डॉक्टरने केली, तर रोग्याची स्पष्ट संमती घेतली पाहिजे. साधी औषधे कोणत्याही मार्गाने सांगता येतात. काही औषधे रोग्याला पडद्यावर पाहिल्याशिवाय प्रथम देता येत नाहीत. आणि अमली व मनावर परिणाम करणारी नियंत्रित औषधे दुरून लिहून देता येत नाहीत. ह्या सर्वांहून मोठा नियम असा, की दुरून भागेल की समक्ष तपासणी हवी, हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरची आहे. ‘येथे मला काही सांगता येत नाही, रोग्याला घेऊन या’ असे म्हणणे हाही सल्लाच आहे. किंबहुना कित्येकदा तोच सर्वांत मोलाचा असतो.

आता मी मघाच्या औषधपेटीकडे वळतो. दूरवैद्यकाचा प्रसार करावयाचा म्हणजे सामान्यतः काय समजले जाते? अधिक संगणक, अधिक वेगवान जाळे, अधिक डॉक्टर पडद्यावर. हे सर्व हवेच. परंतु ही व्यवस्था मोडते ती बहुधा दूरच्या टोकाला नव्हे; ती मोडते जवळच्या टोकाला. उपकेंद्राला कुलूप असते, रक्तदाबाच्या यंत्रातील बॅटरी संपलेली असते, नाहीतर चिठ्ठी आलेली असते आणि कपाटात ती गोळी नसते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधांची योजना सुरू केली. दूरवैद्यकाच्या दृष्टीने ती एखाद्या उपग्रहापेक्षा कमी महत्त्वाची नाही. कारण ज्या चिठ्ठीसाठी पुन्हा तालुक्याला जाऊन पदरचे पैसे मोडावे लागतात, ती चिठ्ठी रोग्याचा प्रवास वाचवीत नाही. तो फक्त पुढे ढकलते.

जवळच्या हातात किती सामर्थ्य असते, ह्याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०नंतरच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची चिन्हे ओळखणे आणि वेळेवर औषध देणे, ही कामे ह्या स्त्रियांनी घरोघर जाऊन केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इतर गावांच्या तुलनेत त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तेथे पडदा नव्हता, उपग्रह नव्हता. होता तो शिकवलेला हात, आणि तो बाळाच्या अगदी जवळ होता. अशा हाताला दूरच्या तज्ज्ञाची साथ मिळाली, तर ते बळ दुणावेल. पण हातच नसेल, तर नुसत्या साथीने गाणे होत नाही.

जवळच्या माणसाची आणखी एक गरज आहे, आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. ती आहे भाषेची. दुखण्याला आपल्या मराठीत किती शब्द आहेत पाहा. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सल राहतो, रखरख होते, जीव घाबरा होतो. ह्यांतील प्रत्येक शब्द डॉक्टरला निराळी दिशा दाखवतो. ‘दुखते’ एवढाच एक शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला, तर अर्धे निदान वाटेतच सांडले असे समजावे. जयपूरच्या आसपास ढूंढाडी बोलतात, पश्चिमेस मारवाडी, दक्षिणेस मेवाडी आणि वागडी. शहरात शिकलेल्या डॉक्टरची हिंदी आणि ढाणीतल्या म्हातारीची बोली ह्यांच्यामध्ये सेतू कोण बांधणार? तिकडे ज्यांना ‘आशा सहयोगिनी’ म्हणतात, त्या गावच्या स्त्रीनेच तो बांधायचा. आपल्याकडे मेळघाटात कोरकू आणि भामरागडला माडिया बोलणाऱ्यांची अडचण अगदी हीच आहे. यंत्र आवाज पोहोचवते. त्यातील अर्थ माणसालाच पोहोचवावा लागतो.

शेवटी एका भयाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कोणतीही सोय ही पळवाटही होऊ शकते. पडद्यावर डॉक्टर दिसतो ना, मग प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकामी जागा भरण्याची घाई कशाला, असा विचार कारभाराच्या मनात शिरला, तर खेड्याच्या वाट्याला डॉक्टरचे चित्र येईल आणि शहराच्या वाट्याला डॉक्टर. सल्ल्यांची संख्या मोजणे सोपे असते. त्यांतील किती रोगी बरे झाले, कितींना औषध मिळाले, ज्यांना समक्ष येण्यास सांगितले ते खरोखर पोहोचले का, हे मोजणे कठीण असते. पण मोजायचे ते हेच. ज्या दिवशी उपकेंद्रातील ताई पडद्यावरील डॉक्टरना सांगेल, की मागच्या आठवड्यात आपण पाहिलेली ती बाई आता पाण्याला जाऊ लागली आहे, त्या दिवशी दूरवैद्यक खऱ्या अर्थाने गावात पोहोचले असे म्हणता येईल.

श्रोतेहो, माझा आवाज आपल्यापर्यंत येतो, पण आपला माझ्यापर्यंत येत नाही. भाषणात हे चालून जाते. वैद्यकात चालत नाही. तेथे बोलणारा रोगी असतो आणि ऐकणारा डॉक्टर. आणि दोघांच्या मध्ये, खेड्यातल्या त्या लहानशा खोलीत, नाडीवर बोट ठेवून बसलेली एक बाई असते. तिला शिक्षण द्यावे, वेळेवर पगार द्यावा, तिच्या कपाटात औषध ठेवावे आणि तिच्या शब्दाला मान द्यावा. मग जयपूरच्या त्या दारापाशी पहाटे येऊन उभे राहणाऱ्यांत, ज्यांनी खरोखर यायला हवे होते, तेच दिसू लागतील. आणि त्यांच्यासाठी डॉक्टरांपाशी पाच मिनिटांहून अधिक वेळ असेल.